रांगेतली मनगटं

“बाबा, आई कुठे आहे?”

“समोरच. ढोल वाजवतेय.”

“तिला थांबवा. आत्ताच्या आत्ता. तिचे ठोके एकशे चौऱ्याहत्तर दाखवतंय!”

आमचा अभिनव खराडीच्या ऑफिसातून बोलत होता. मी नदीपात्रातल्या पत्र्याच्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. मांडीवर पुस्तक होतं. ऐंशी ढोलांच्या आवाजात कुणाला वाचता येत नाही, मलाही येत नाही, पण पुस्तक नसलं की हात कुठे ठेवावेत ते मला कळत नाही. समोर चौथ्या रांगेत पूर्णिमा, माझी बायको, कमरेला ढोल बांधून उभी होती. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप, चेहरा घामाने चमकत होता. तो चेहरा काही एकशे चौऱ्याहत्तरचा वाटत नव्हता. पण एकशे चौऱ्याहत्तरचा चेहरा कसा असतो, हे मला तरी कुठे माहीत होतं?

मी उभा राहिलो आणि पुस्तक हलवलं. कुणी बघितलं नाही. आणखी वर करून हलवलं. शेवटी पथकप्रमुख अस्मिताचं लक्ष गेलं आणि तिने शिट्टी वाजवली. ऐंशी ढोल एकदम थांबले, आणि ऐंशी माणसं माझ्याकडे बघायला लागली.

“काय हो?” पूर्णिमाने रांगेतूनच विचारलं. “घरी जायचंय का तुम्हाला?”

“नाही. म्हणजे हो. म्हणजे अभिनवचा फोन आहे.”

मागच्या रांगांमधून कुणीतरी हसलं. पूर्णिमाने ढोल सोडला आणि ती बाहेर आली. घड्याळ तिच्या मनगटावर हिरवं लुकलुकत होतं. मी पाहिलं तेव्हा आकडा शंभराच्या खाली आला होता.

हे घड्याळ अभिनवने तिला वाढदिवसाला दिलेलं. ते ठोके मोजतं आणि मोजलेले ठोके त्याच्या फोनवर पाठवतं. त्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी पूर्णिमाच्या हृदयात एक स्टेंट बसवला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण तिला “आता आराम करा” असं सांगायचा. बँकेतली नोकरी संपली होती, मुलगा मार्गी लागला होता, आता आराम. वर्षभर तिने ऐकून घेतलं. मग एक दिवस चहा गाळता गाळता म्हणाली, “अहो, मला आता आवाज करायचाय.”

मला वाटलं, ती माझ्यावर चिडली आहे. तसं नव्हतं. ती पथकात नाव घालून आली होती.

सदाशिव पेठेतले आमचे डॉक्टर याला हो म्हणाले, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी पळण्याच्या पट्ट्यावर तिची तपासणी करून घेतली, कागद पाहिले आणि म्हणाले, “ढोल म्हणजे व्यायामच. करा. फक्त ठोके एकशे पस्तीसच्या वर जाऊ देऊ नका. गेले तर थांबा.” म्हणून ते घड्याळ. पहिले दोन आठवडे एका जागी उभं राहून सावकाश वाजवायचं होतं, तेव्हा घड्याळही गुणी होतं. मग पथकाने जलद हात घेतला. तालाला पथकात ‘हात’ म्हणतात. आणि घड्याळ एकशे सत्तरच्या वर गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही डॉक्टरांकडे. अभिनवने रजा घेतली होती आणि घड्याळाचे सगळे आलेख फोनवर तयार ठेवले होते.

“हा आकडा खरा असेल तर ढोल बंद,” डॉक्टर म्हणाले. “खोटा असेल तर घड्याळ बंद. त्यातलं कोणतं, ते मी कसं सांगू? मी मांडवात नव्हतो.”

“डॉक्टर, घड्याळ चांगल्या कंपनीचं आहे,” अभिनव म्हणाला.

“असेल. हृदयही चांगल्या कंपनीचंच असतं, तरी तुम्ही माझ्याकडे येता.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्हाला काय वाटतंय वाजवताना? धाप? दुखणं? चक्कर?”

“आनंद,” पूर्णिमा म्हणाली.

“त्याच्यावर औषध नाही. हे बघा, छातीचा पट्टा मिळतो. पळणारे लोक, सायकलवाले बांधतात. तो आणा, दोन्ही एकाच वेळी लावा, काय दिसतं ते घेऊन या. तोपर्यंत फक्त सावकाश वाजवायचं आणि मध्ये मध्ये बसायचं. काही त्रास झाला तर आकडा बघत बसू नका, ढोल खाली ठेवा.”

जिन्यातच पूर्णिमाने मला सांगितलं की तिच्याकडे फार वेळ नाही. पुढच्याच्या पुढच्या रविवारी अस्मिता मिरवणुकीच्या रांगा ठरवणार होती. ज्याला जलद हात वाजवता येत नाही त्याला रांगेत जागा नाही. त्यात वय बघत नाहीत, ओळखही बघत नाहीत. “आणि बघूही नये,” ती म्हणाली.

पट्टा आणायला मी गेलो. टिळक रस्त्याच्या एका गल्लीत सायकलींचं दुकान आहे. बाहेरून दोन फेऱ्या मारल्या आणि मग आत शिरलो. मालक स्पोक घट्ट करत होता. त्याने मान वर केली नाही.

“छातीचा पट्टा आहे का? ठोके मोजण्याचा.”

“कुणाला पाहिजे? तुम्हाला?”

“नाही. पत्नीला.”

“माप?”

बेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला कुणी दुकानात, इतर दोन गिऱ्हाइकांसमोर विचारला नव्हता.

“काका, पट्ट्याचं,” तो म्हणाला. “लहान, मध्यम, मोठा. सैल होतो, घट्ट होतो. ब्लाउज नाही शिवायचा.”

मी मध्यम घेतला. गिऱ्हाइकांपैकी एक जण हसू दाबत चाकात हवा भरायला बाहेर गेला.

पट्ट्यासोबत माहितीपत्रक होतं, अकरा भाषांमधलं. जपानी होती, फिनिश होती, मराठी नव्हती. मी इंग्रजी पुरती वाचली. जन्मभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, तेव्हा वाचण्याचं काम आपलं, असं मी धरून चाललो होतो. आणखीही ठिकठिकाणी वाचलं. घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं आणि आतल्या रक्ताच्या लाटा बघून ठोक्यांचा अंदाज करतं. हात स्थिर असेल तर तो अंदाज छान जमतो. पट्टा अंदाज करत नाही. हृदय दर ठोक्याला विजेची बारीकशी खूण करतं, ती तो थेट पकडतो. घाम येण्याइतका जोरदार व्यायाम असेल तर पट्टा बरा, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. बहुतेकांचं. काहींचं नव्हतं. मी त्या काहींचंही वाचलं आणि होतो त्याहून अधिक गोंधळलो.

पहिल्या दिवशी पट्ट्याने आमची फजिती केली. पूर्णिमा पडद्याआड जाऊन तो बांधून आली, मी फोन घेऊन खुर्चीवर. फोनवर आधी चाळीस आले, मग दोनशे दहा, मग नुसतीच एक रेघ.

“बाबा, या रेघेचा अर्थ काय माहितीये ना?” संध्याकाळी अभिनव फोनवर म्हणाला. “आई तुमच्या समोर पोहे खातेय म्हणून ठीक. घड्याळच बरं.”

खरं तर चूक कुठे झाली ते मला मांडवातच कळलं होतं. पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली करून बांधायची असते, नाहीतर सुरुवातीला तो काहीही दाखवतो. पत्रकाच्या पहिल्याच पानावर होतं. पण पडद्यापाशी पंधरा-वीस मुली फेटे बांधायचा सराव करत उभ्या होत्या आणि त्यांच्यामधून ओरडून पत्नीला असलं काही सांगणं मला जमेना.

दुसऱ्या दिवशी मी घरातून निघतानाच सांगितलं.

“मग काल का नाही बोललात?”

“लोक होते.”

“लोक आजही असतील, अहो. मी काय पथकात एकटीच वाजवते?”

तिने पट्टा नळाखाली धरला आणि घरूनच बांधला. मांडवात सावकाश हात झाला, दोन्ही आकडे जवळजवळ होते. मग अस्मिताशी बोलून, अगदी थोडाच वेळ, रांगेच्या कडेला उभं राहून तिने जलद हात वाजवला. फोनवर पट्ट्याचे एकशे सव्वीस. तिने मनगट माझ्याकडे वळवून दाखवलं. एकशे एकाहत्तर.

एका बाईचे एका वेळी दोन आकडे. मी अभिनवला फोन केला. माझ्या आवाजात विजय होता की काय कोण जाणे.

“बाबा, रागावू नका,” तो म्हणाला. “तुम्हाला पट्टा आवडतोय, कारण तो आईला हवं ते सांगतोय. तो एकशे ऐंशी म्हणाला असता तर तुम्ही घड्याळाच्या बाजूने वाचून काढलं असतं.”

मी रागावलो नाही. रागावण्यासारखं काही नव्हतं, कारण तो बरोबर होता. पुस्तकात आपल्याला हवं ते वाक्य सापडेपर्यंत वाचत राहायचं आणि सापडलं की तिथे खूण घालून थांबायचं, ही सवय मला चांगली ओळखीची आहे. एखाद्या कादंबरीबाबत ते चालतं. इथे दुसऱ्या बाजूला तिचं हृदय होतं. पट्टा कशावरून खरा? छातीजवळ आहे म्हणून? ढोलाची कड त्याला घासत होती, तो खाली सरकत होता, काल तर त्याने तिला रेघ करून टाकलं होतं.

सकाळी मी हे सगळं पूर्णिमाला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“तुम्ही ठरवा,” ती म्हणाली.

“मी?”

“तुम्ही. अभिनवचं मी ऐकणार नाही, तो घाबरलाय. डॉक्टरांचं ऐकेन, पण ते मांडवात नाहीत. तुम्ही म्हणालात की घड्याळ खरं, तर रविवारी मी ढोल परत देऊन येईन. काही बोलणार नाही.”

“पण माझंच का?”

“कारण तुम्ही कधीच कशाची खात्री देत नाही. तुम्ही ‘नक्की’ म्हणालात तर ते नक्कीच असेल.” तिने मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. “हे निवडा. विचार करायला बरं पडतं.”

मी मेथी निवडली. विचार झाला नाही, पण मी दोन्ही आलेख पुन्हा उघडले. पट्ट्याचा आलेख टेकडीसारखा होता, हळूहळू चढणारा आणि थांबलं की हळूहळू उतरणारा. घड्याळाचा आलेख मात्र पायऱ्यांचा होता. सपाट, मग एकदम उडी, मग पुन्हा सपाट. हृदय असं उडी मारून एका पायरीवर बसून राहतं का? माझं तरी राहत नाही. पण माझ्या हृदयाचा दाखला कोण घेणार?

रविवारी आम्ही लवकर गेलो. अभिनवही गाडी काढून आला होता. आईला घरी न्यायची वेळ आली तर गाडी असावी, असं तो म्हणाला आणि पार्किंग नीट मिळालं नाही म्हणून चिडचिडत मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला. पूर्णिमा कडेला बसली होती, घड्याळ आणि पट्टा दोन्ही लावून. तिने मला काही विचारलं नाही. मीही काही ठरवलं नव्हतं.

जलद हात सुरू झाला. थोड्या वेळाने अस्मिताने पाणी प्यायला थांबवलं, आणि पहिल्या रांगेतला सोनू माझ्या खुर्चीशेजारी ठेवलेल्या पिंपापाशी आला. सोनू अमरावतीहून इंजिनिअरिंगला आलेला, दंड माझ्या मांडीएवढे, रोज व्यायामशाळेत जाणारा. त्याने घाम पुसायला हात वर केला. त्याच्या मनगटावरही घड्याळ होतं, दुसऱ्या कंपनीचं. त्यावर एकशे बहात्तर होते.

“हे... हे तुमचे ठोके?” मी विचारलं.

“हो ना काका. च्यायला, कुछ भी दिखाता है. जिममध्ये एवढं मारतो तरी दीडशेच्या वर जात नाही.”

मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिलो. त्याने हात मागे घेतला, जरा बावरून. माझ्या मनात जे आलं ते इतकं सोपं होतं की ते चूकच असणार असं मला वाटलं. पण ते चूक आहे की नाही हे शोधायला पुस्तक लागणार नव्हतं. ऐंशी माणसांना एक प्रश्न विचारावा लागणार होता. पुस्तक असतं तर बरं झालं असतं.

मी अस्मिताकडे गेलो. “मला एक... सगळ्यांना जरा विचारायचं होतं. म्हणजे तुमची हरकत नसेल तर. नाहीतर राहू द्या.”

“राहू कशाला द्यायचं, काका?” तिने शिट्टी वाजवली. “ऐका रे! काका बोलणार आहेत!”

मांडव शांत झाला. खांबाजवळून अभिनव माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होता. त्याने मला चार माणसांत कधी बोलताना पाहिलं नव्हतं. त्याच्या लग्नातही नाही.

“ज्यांच्या मनगटावर घड्याळ आहे,” मी म्हणालो, “ठोक्यांचं घड्याळ, त्यांनी पुन्हा तोच हात वाजवावा. आणि अस्मिताताईंनी शिट्टी दिली की लगेच आकडा वाचावा. मोठ्याने. एवढंच. सॉरी.”

“सॉरी कशाला?” पूर्णिमा तिच्या जागेवरून म्हणाली. ती उठली होती आणि ढोल बांधत होती. “मीही वाजवते. कडेला. थोडंच.”

ढोल सुरू झाले. पत्रे थरथरले, पिंपातलं पाणी थरथरलं. मी फोन छातीशी धरून उभा होतो. मग शिट्टी.

“एकशे बहात्तर!” सोनू ओरडला.

“एकशे त्र्याहत्तर!” दुसऱ्या रांगेतून.

“बहात्तर! एकशे बहात्तर!”

“माझेपण!” चष्मा लावलेली एक मुलगी म्हणाली. “अय्या, माझेपण एकशे बहात्तर!”

“एकाहत्तर,” पूर्णिमा म्हणाली.

आकडे येत राहिले. विशीतल्या मुलांचे, चाळिशीतल्या एका वकिलांचे, काल तापातून उठलेल्या एका मुलीचे. सगळे एका रांगेत उभे राहिल्यासारखे आकडे. एक-दोन वेगळे होते, नाही असं नाही. एका मुलाचं घड्याळ एकशे अठरावर अडून बसलं होतं. आणि ताशेवाल्याने ओरडून सांगितलं, “माझ्यावर आकडाच नाही! नुसत्या दोन रेघा!”

“तू आधीच गेलेला आहेस,” अस्मिता म्हणाली, आणि मांडव हसला. तिने स्वतःचं मनगट बघितलं. ती वाजवत नव्हती, रांगांमधून फिरत होती. “माझे सत्त्याण्णव.”

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात यायला लागलं. मी काही समजावून सांगितलं नाही, ते माझ्याने झालंही नसतं. सोनूच म्हणाला, “अबे, म्हणजे हे टिपरू मोजतंय!” हात सगळ्यांचा एकच, तर हाताला बांधलेल्या घड्याळांचा आकडाही एकच. मनगट इतक्या जोरात आणि इतकं एकसारखं हललं की घड्याळ रक्ताच्या लाटा विसरायचं आणि हाताच्या हेलकाव्यालाच नाडी समजायचं. सावकाश हातात आकडे जुळले होते, ते घड्याळ शहाणं होतं म्हणून की तालच तेवढा होता म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या फोनवर, पट्ट्याकडून आलेला आकडा होता एकशे चोवीस. मी तो अभिनवला दाखवला.

“तुझं बरोबर होतं,” मी म्हणालो. “मला पट्टा आवडत होता. पण आता मी तो आवडतो म्हणून सांगत नाहीये. घड्याळ चुकतंय. नक्की.”

अभिनवने पूर्णिमाकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे. त्याच्याही हातावर तेच घड्याळ होतं. आईला घेताना स्वतःलाही घेतलेलं.

“मला बघायचंय,” तो म्हणाला.

“बघ की,” अस्मिता म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत दोघांनी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावरून ढोल बांधला. त्याने टिपरू उलटं धरलं, सोनूने सुलटं करून दिलं. तो वाजवायला लागला. ताल चुकत होता, पण हात चालत होता, आणि तोंडावर तिसरीत असताना पतंग उडवायचा तेव्हाचं हसू होतं. शिट्टी झाली तेव्हा तो वाकून धापा टाकत होता.

“एकशे सत्तर,” त्याने घड्याळ वाचलं. “आई, बघ! माझेपण!”

“तुझे खरे असतील हो,” पूर्णिमा म्हणाली. “दिवसभर खुर्चीवर बसून असतोस.”

मांडव इतका हसला की अस्मिताला पुन्हा शिट्टी वाजवावी लागली. मग तिने पूर्णिमाला विचारलं, “काकू, डॉक्टर हो म्हणाले तर दुसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला. चालेल? तिथून बाहेर पडायला सोपं.”

पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. एवढीशी मान हलवायला मला इतका जोर कधी लागला नव्हता.

डॉक्टरांनी पट्ट्याचे आठवडाभराचे आलेख पाहिले, पुन्हा एकदा तपासणी केली, आणि म्हणाले, “ठीक. पट्टा बांधून वाजवा. फोन यांच्याकडे. यांनी थांब म्हटलं की थांबायचं, एक मिनिटाने नाही. पाणी प्यायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी जरा कमी वाजवा, तिथे पेशंट असतात.”

अनंत चतुर्दशीला दुपारी आमचं पथक लक्ष्मी रस्त्याला लागलं. पांढरे कुर्ते, भगवे फेटे, आणि दोन्ही बाजूंनी गर्दी आत येऊ नये म्हणून स्वयंसेवकांनी धरलेला जाड दोर. त्या दोराच्या एका टोकाला अभिनव होता. मी दोराबाहेर, पूर्णिमाच्या बरोबरीने चालत होतो, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाकासमोर धरलेला. लोकांचे धक्के लागत होते, पायावर पाय पडत होते, गुलाल नको म्हणावं तर तोंड उघडायची सोय नव्हती.

“आजोबा, मॅच बघताय का?” शेजारच्या एका पोराने माझ्या कानात ओरडून विचारलं.

“नाही. माझ्या पत्नीचे ठोके. ती तिथे आहे. दुसरी रांग, डावीकडे.”

त्याने बघितलं. त्याच्या मित्रांनी बघितलं. मग त्यांनी आम्हाला सोडलंच नाही. आमच्या बरोबरीने चालायला लागले.

“किती झाले?”

“एकशे एकोणीस.”

“आजी एकशे एकोणीसवर खेळतेय!” तो मागे ओरडला, आणि मागचे आणखी मागे ओरडले. पुढच्या चौकापर्यंत मला दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी आकडा विचारत होतं आणि मी सांगत होतो. मोठ्याने. घसा बसला तरी सांगत होतो. एका खिडकीतून एका बाईंनी विचारलं, तेव्हा मी बोटांनी दाखवलं.

जलद हात आला. एकशे सव्वीस, एकशे एकोणतीस. पूर्णिमाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतक्या वर्षांत एकदा-दोनदाच पाहिलं असेल. एकशे बत्तीस. समोरचे लोक टाळ्या वाजवत होते. एकशे चौतीस. तिला थांबवावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. आणखी एक आवर्तन, मग शिट्टीच होईल, असं माझ्या मनाने मला अगदी समजूतदारपणे सांगितलं. मग मी त्या सगळ्या गर्दीत, फेट्यांच्याही वर, हात उंच केला.

तिने पाहिलं. तिचं टिपरू हवेतच थांबलं. ती काही न बोलता रांगेतून बाजूला झाली, शेजारच्या मुलीने तिचा ढोल सोडवून धरला, आणि ती दोराखालून बाहेर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. पाण्याची बाटली दिली.

“किती होते?”

“चौतीस.”

“पस्तीस झाले नव्हते?”

“नव्हते.”

“घाबरलात.”

“हो.”

“बरं केलंत,” ती म्हणाली आणि अर्धी बाटली संपवली. फेट्याचा शेमला खांद्यावर आला होता, तो तिने मागे टाकला. मग आम्ही दोघं एका फोनवर वाकून बसलो. एकशे वीस. एकशे बारा. ती पोरंही समोर उभी होती, आमच्यासारखीच वाकून.

“एकशे चार!” एकाने सांगितलं. “आजी, उतरताय लवकर. फिट आहात.”

“आजी कुणाला म्हणतोस?” पूर्णिमा म्हणाली. “काकू म्हण.”

पथक पुढे सरकत होतं. दोराच्या टोकावरून अभिनव मान उंचावून आमच्याकडे बघत होता. मी त्याला हाताने सगळं ठीक असल्याची खूण केली आणि त्याने ती पुढे अस्मिताला केली. छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा तिने माझ्या ओठांवर गुलालाचं बोट ठेवलं.

शहाण्णव.

“जाऊ?” तिने विचारलं.

मी आकडा पुन्हा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. मग उठलो, दोर वर उचलून धरला, आणि ती वाकून आत गेली.